दीड वीत

माझगावच्या त्या इस्पितळाच्या तळघरात एक पंखा आहे,
आठ पात्यांचा, मिनिटाला सहाशे नव्वद फेरे.
साडेअकरा गुणिले आठ. ब्याण्णव.
सेकंदाला ब्याण्णव वेळा तो एकच अक्षर म्हणतो
आणि पत्र्याच्या नळीतून ते तिसऱ्या मजल्यावर चढतं,
जिथे नवव्या महिन्याची वाट न पाहता आलेली मुलं
काचेच्या पेट्यांत झोपतात.
किंवा झोपत नाहीत.

आधी लोकांनी नळीला गोधड्या घालून पाहिल्या,
काचलोकर, फोम, पुन्हा काचलोकर.
खर्ज गोधडीतून जातो
जसा मच्छरदाणीतून वारा.
मग मला बोलावलं.

माझं काम जरा उलटं आहे:
आवाज मारायला मी आवाजच आणते.
त्याच्या उंचवट्यावर माझा खड्डा,
त्याच्या खड्ड्यात माझा उंचवटा.
कुर्ल्याच्या दिलावरभाईंनी नळीला भोक पाडलं,
त्यात एक कान बसवला. सहा मीटर पुढे एक तोंड.
आणि पेटीत, उशीशेजारी, दुसरा कान,
जो फक्त चुका ऐकतो.

सहा मीटर चालायला आवाजाला
सतरा हजारांश सेकंद लागतात.
तेवढ्यात ऐकायचं, मोजायचं, उलटं करायचं, बोलायचं.
उत्तर विसाव्याला पोचलं
तर ते उत्तर नसतं, आणखी एक गोंगाट असतो.
(हे मी लोकांना समजावून सांगते.
धाकट्या भावाला मी तीन वर्षांनी फोन केला होता.)

पहिल्या रात्री घाई नडली.
यंत्र प्रत्येक चुकीतून किती शिकणार
हे पाऊल माझ्या हातात, आणि मी ढांग टाकली.
दुरुस्ती, दुरुस्तीची दुरुस्ती, तिचीही,
आणि मग तोंडाने जी किंकाळी फोडली!
नशीब, पेटी रिकामी होती.
सिस्टर ऑडेट फर्गोज धावत आल्या, वायर उपटली.
"बाय, तुझं औषध आजाराला लाजवेल."

दुसऱ्या रात्री मुंगीचं पाऊल.
वीस मिनिटांत ब्याण्णव खाली बसला, चहाच्या भुकटीसारखा,
पण एकशेतीसपाशी भलतंच काही वर आलं.
फुगलेली पोळी एका कडेला दाबली
की वाफ दुसऱ्या कडेला पळते, तसं.
पहाटेपर्यंत मी नुसती दाबत बसले.

आणि शांतता काही खोलीभर पसरत नाही.
लहरीच्या लांबीचा दहावा हिस्सा, बस.
मी कान खाली नेऊन चाचपली ती.
इथे आहे. इथे आहे. इथे परत पंखा.
हाताने मोजली: दीड वीत.
बाराशे ग्रॅमचं माणूस मावतं तेवढीच,
पाय दुमडले तर.

तिसऱ्या रात्री सगळं जमलं. एकोणीस डेसिबल खाली.
मी पडद्यावरच्या सपाट रेघेचा फोटो काढत होते
तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तीन नंबर जागी झाली."
रडत नव्हती. डोळे उघडे,
कुणीतरी बोलता बोलता थांबल्यावर आपण बघतो तसे.
"एवढं गप्प नको करू गं.
पोटात काय गप्प असतं होय?
थोडं ठेव."

एक आकडा असतो. गळती म्हणतात त्याला.
यंत्राने जे शिकलं त्यातलं चिमूटभर
दर क्षणी विसरायला लावणारा.
मी तो शून्यावर ठेवला होता, हौसेने.
दोन बोटांनी वाढवला.
ब्याण्णव परत आला, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा,
तिथे कुणी बोलतंय, आपल्याबद्दल नाही.

अहवालात अकरा लिहिले.
दिलावरभाई म्हणाले, एकोणीस लिहा ना, झाले होते की.
सिस्टरनी टॉर्च विझवून चार नंबरकडे जाता जाता
सही केली,
तारखेचा रकाना रिकामा सोडून.